'देअरफोर'च्या खाली काय होतं

भाच्याने कागद पुढे ठेवला तेव्हा तो लांबूनच पिवळा दिसत होता. २७४ शब्दांचा इंग्रजी निबंध, आणि त्यातल्या १९ जागा त्याने स्वतः मार्करने रंगवलेल्या. फर्स्टली, मोरओव्हर, फर्दरमोर, इन अ‍ॅडिशन, हाउएव्हर, ऑन द अदर हँड, देअरफोर, अ‍ॅज अ रिझल्ट. "बघ मावशी, सगळ्या कॅटेगरीतले आलेत," तो म्हणाला. आवाजात थोडा अभिमानच होता. मग म्हणाला, "तरी सहाच."

सहा म्हणजे आयईएलटीएस या परदेशी शिक्षणासाठी लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेत, लेखन विभागात नऊपैकी सहा बँड. मुलं या परीक्षेला आयल्ट्स म्हणतात, मीही तसंच म्हणते. त्याने ती दोनदा दिली होती आणि दोन्ही वेळा लेखनात सहा. ऐकणं, वाचणं, बोलणं यांत तो सातच्या वर होता. पण ज्या विद्यापीठात त्याला एम.एस. करायचं होतं, तिथे एकाही विभागात साडेसहाच्या खाली चालत नव्हतं. अर्ध्या बँडासाठी वर्ष जायची वेळ आलेली.

मी शिक्षिका नाही. इंदूरला राजेंद्रनगरात राहते आणि अनुवादाची कामं करते. दिवसभर हिंदी, मराठी आणि इंग्रजी कागद इकडून तिकडे करायचे. ताईने मुलाला माझ्याकडे पाठवलं ते "तुला इंग्रजी येतं ना" एवढ्याच भरवशावर. पुढचे पाच आठवडे आम्ही एकाच निबंधावर बसलो, तेव्हा कळलं की भानगड इंग्रजीची नव्हतीच.

आधी परीक्षेबद्दल, थोडक्यात. लेखनाला एक तास. त्यात दोन प्रश्न, दुसरा निबंधाचा, किमान २५० शब्दांचा, आणि त्याचं वजन पहिल्याच्या दुप्पट. तपासणारे चार गोष्टी बघतात आणि चारींना सारखंच वजन असतं: विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दिलंय का, मांडणी सुसंगत आणि जोडलेली आहे का, शब्दसंपत्ती, आणि व्याकरण. प्रत्येक बँडाला काय अपेक्षित आहे हे परीक्षा घेणाऱ्यांनीच जाहीर केलेलं आहे, कुणालाही वाचता येतं. भाच्याने ते वाचलं नव्हतं. मी वाचलं. सहाच्या पायरीवर जोडशब्दांबद्दल जे म्हटलंय त्याचा मराठीत भावार्थ असा, की ते वापरलेले असतात आणि उपयोगीही पडतात, पण वाक्यातली किंवा वाक्यावाक्यांमधली जोड चुकीची किंवा यांत्रिक असू शकते. पाचच्या पायरीवर तर जोडशब्दांचा अतिवापर हा चक्क दोष म्हणून नोंदवलाय. आणि सगळ्यात वर, नऊला, जोड वाचणाऱ्याच्या नजरेत जवळपास भरतच नाही अशी अपेक्षा आहे.

आमच्या चिरंजीवांनी ती पिवळ्या मार्करने रंगवून आणली होती.

दोष त्याचा एकट्याचा नव्हता. भंवरकुआं भागातल्या एका क्लासने त्याला एक कागद दिला होता, लॅमिनेट केलेला, दोन्ही बाजूंनी छापलेला. चार रकाने: भर घालणारे, विरोध दाखवणारे, कारण-परिणाम, उदाहरण. एकूण साठेक शब्द. रकाने चुकीचे नव्हते, हे सांगायला हवं. आपल्या शाळेच्या व्याकरणातही उभयान्वयी अव्ययांचे असेच कप्पे असतात. पण त्या कागदावर एकही पूर्ण वाक्य नव्हतं. हळद, तिखट, मीठ यांच्या बरण्यांना चिठ्ठ्या लावून दिल्या आणि भाजी कुठली ते सांगितलंच नाही, तसं. सूचना एवढीच, की प्रत्येक परिच्छेदात निदान चार वापरा.

निबंधाचा विषय होता: सार्वजनिक वाहतूक सगळ्यांना मोफत असावी असं काही लोकांना वाटतं, तुम्ही कितपत सहमत आहात? त्याच्या मधल्या परिच्छेदाचा क्रम आणि जोडशब्द जसेच्या तसे ठेवून मराठीत आणला तर तो असा होता:

"पहिली गोष्ट म्हणजे, वाहतूक मोफत केली तर लोक आपली वाहनं घरी ठेवतील. शिवाय, प्रदूषण कमी होईल. त्याचप्रमाणे, गरिबांचे पैसे वाचतील. उदाहरणार्थ, माझ्या शहरात मेट्रो पहिला आठवडा मोफत होती आणि सगळे डबे भरलेले होते. म्हणून, तिकीट काढून टाकलं की लोक गाड्या सोडतात हे सिद्ध होतं. दुसरीकडे, काही देशांनी हे आधीच केलेलं आहे. तथापि, सरकारवर खर्चाचा बोजा पडेल. परिणामी, सरकारने हे ताबडतोब करावं."

एकदा भरभर वाचलं तर खटकत नाही. हीच या शब्दांची गंमत आहे. डोळ्यांना 'तथापि' दिसलं की आपण गृहीत धरतो, चला, आता विरोधी बाजू आली. 'परिणामी' दिसलं की निष्कर्ष आला. आणि पुढे जातो. सावकाश वाचलं तर शेवटच्या दोन वाक्यांत त्याने असं म्हटलंय की सरकारवर बोजा पडेल, त्याचा परिणाम म्हणून सरकारने तो ताबडतोब अंगावर घ्यावा.

पहिल्या दिवशी मी एवढंच केलं. पेन्सिल घेऊन पूर्ण निबंधातले १९ च्या १९ शब्द खोडले आणि उरलेला मजकूर त्याला मोठ्याने वाचून दाखवला. मग एकेक जागा घेतली. नऊ ठिकाणी काहीच बिघडलं नाही, शब्द होता काय नि नव्हता काय. चार ठिकाणी तो शब्द चुकीचंच सांगत होता. उदाहरणार्थ, प्रदूषण कमी होणं ही गाड्या घरी ठेवण्याच्या 'शिवाय'ची गोष्ट नाही, गाड्या घरी राहिल्या तरच ती होणार. दुसऱ्या देशांनी केलं हा तर त्याच्याच बाजूचा मुद्दा, तो 'दुसरीकडे' कसा जाईल? आणखी चार ठिकाणी शब्द खरंच लागत होता, काढल्यावर वाक्यं लंगडली. राहिल्या दोन जागा. 'परिणामी' ही एक, आणि दुसरी ते मेट्रोचं 'म्हणून'. इथे शब्द खोडल्यावर खाली खड्डा निघाला.

'परिणामी' त्याला हसतहसत पटलं. मेट्रोवर मात्र तो अडून बसला.

इंदूरची मेट्रो ३१ मे २०२५ ला सुरू झाली, सुपर कॉरिडॉरवरच्या साधारण सहा किलोमीटरच्या तुकड्यावर, पाच स्टेशनं. पहिला आठवडा तिकीट नव्हतं. त्या आठवड्यात तिथे जी झुंबड उडाली ती आम्ही डोळ्यांनी पाहिली, कारण आम्हीही त्या झुंबडीत होतो. तिकीट सुरू झाल्यावर गर्दी ओसरली, हेही खरं.

"मग?" भाचा म्हणाला. "फुकट होती तेव्हा लोक आले, पैसे लागले तेव्हा गेले. देअरफोर बरोबरच आहे की."

"आपण किती जण गेलो होतो?"

"पाच. आजी धरून."

"कशाने गेलो?"

तो जरा थांबला. "कारने."

"आणि कार?"

"स्टेशनपाशी लावली होती."

मेट्रो फुकट होती म्हणून राजेंद्रनगरातून एक कार जास्तीची बाहेर पडली, शहराच्या दुसऱ्या अंगाला गेली, उन्हात उभी राहिली आणि पाच माणसांना घेऊन परत आली. वाटेत पोहे-जिलबी झाली ते वेगळं. गर्दी झाली हे खरं, पण त्या गर्दीवरून लोक गाड्या सोडतात हे काही निघत नाही. निघतं एवढंच, की नवी गोष्ट फुकट बघायला मिळाली तर इंदूरकर जातात, आणि याला पुराव्याची गरज नव्हती.

मी पुढे विचारलं, "उद्या सिटी बस फुकट झाली तर तू क्लासला अ‍ॅक्टिव्हा सोडून बसने जाशील?"

"नाही."

"का?"

"ती येणार कधी ते कुणाला माहीत असतं!"

"मग तुझ्या निबंधातले लोक का जातायत?"

यावर त्याने जे उत्तर दिलं ते मला फार मोलाचं वाटलं. म्हणाला, "ते मी लिहिलंच नाही. मी देअरफोर लिहिलं."

इथून पुढे मराठीचा उपयोग झाला, आणि हा भाग मी थोडा पाल्हाळ लावून सांगणार आहे.

इंग्रजीत ज्याला तो सरसकट देअरफोर म्हणत होता, त्याची मराठीत निदान तीन कामं होतात आणि तीन निरनिराळ्या शब्दांनी होतात. रात्री पाऊस झाला, त्यामुळे रस्ता खचला. इथे एका घटनेने दुसरी घडवली, माणसाचा विचार मध्ये आलेला नाही. पाऊस होता म्हणून मी छत्री घेतली. इथे कारण आहे, पण त्या कारणाचा विचार करून कुणीतरी काहीतरी ठरवलंय. अंगण ओलं आहे, यावरून रात्री पाऊस पडला असावा. इथे तर उलटा प्रवास आहे. ओल्या अंगणाने पाऊस पाडलेला नाही. परिणाम दिसला आणि आपण मनात कारणाकडे गेलो. हे अनुमान.

बोलताना आपण तिन्हींना 'म्हणून' चालवून घेतो. 'म्हणून' हा शब्द तसा फार सोशिक आहे. शाळेच्या व्याकरणात तो एकाच वेळी तीन कप्प्यांत बसलेला सापडतो. "पाऊस आला म्हणून थांबलो" हा परिणामबोधक, "गुण मिळावेत म्हणून अभ्यास केला" हा उद्देशबोधक, आणि "सराफा म्हणून एक बाजार आहे" हा स्वरूपबोधक. इतकी कामं करणारा माणूस कुठल्याही घरात असतो आणि त्याच्यावर सगळ्यांचीच भिस्त असते. पण वाद घालायचा असेल तेव्हा त्याला बाजूला बसवून नेमका शब्द पुढे करावा.

मी भाच्याला त्याच्या वाक्यात तीनही बसवून बघायला सांगितलं. "डबे भरलेले होते, त्यामुळे लोक गाड्या सोडतात." नाही. "डबे भरलेले होते म्हणून लोक गाड्या सोडतात." हेही नाही. "डबे भरलेले होते, यावरून लोक गाड्या सोडतात असं दिसतं." व्याकरणात बसलं. आणि बसल्याबरोबर तो स्वतःच म्हणाला, "पण यावरून असं कुठे दिसतं?" 'यावरून' हा शब्द ज्याच्यावरून त्याच्याकडे बोट दाखवायला लावतो. देअरफोर तसं करत नाही, निदान त्याच्या हातात तरी करत नव्हता. तो नुसता कोट घालून उभा होता.

दुसऱ्या आठवड्यात मी त्याला पूर्ण निबंध मराठीत लिहायला लावला. कुरकुर झाली. घरात मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी असं वाढलेलं पोर. मराठी बोलतो फडाफडा, लिहायची वेळ कधी आलेली नाही. जे लिहून आणलं त्यात आमच्या इंदुरी मराठीचा नमुना होता. "कारण की बस येत नाही." "मोठ्या शहरात मेट्रो आहे जेव्हा की लहान शहरात बसही नाही." "हा खर्च नाही बल्की गुंतवणूक आहे." "भले ही तिकीट कमी असो पण..."

मी यावर नाक मुरडणाऱ्यांतली नाही. दोन-अडीचशे वर्षं हिंदीच्या मांडीला मांडी लावून बसलो आहोत, थोडं पीठ अंगाला लागणारच. पण जोडशब्दांच्या बाबतीत हे पीठ निरखून बघण्यासारखं असतं, कारण ज्या सांध्यात माणूस परका शब्द भरतो, तिथे आपल्या भाषेत वाक्य कसं वळतं हे त्याला माहीत नसतं. 'जेव्हा की' हा 'जबकि'चा तर्जुमा. मराठीत तिथे बहुधा शब्दच लागत नाही, 'तर' हळूच मधे येतो: मोठ्या शहरात मेट्रो आहे, तर लहान शहरात बसही नाही. त्यातला 'ही' अर्धं काम करतो. 'बल्कि'ला मराठीत एकच एक प्रतिशब्द शोधायला गेलं की फसगत होते. आपण वाक्याची घडण बदलतो: हा खर्च नव्हे, तर गुंतवणूक आहे.

आणि याच जागी त्याच्या इंग्रजीतली एक जुनी खोड उलगडली. तो ऑल्दोने वाक्य सुरू करून मधे बट घालायचा, दर वेळी. क्लासमध्ये लाल रेघ यायची, का ते कळायचं नाही. आपल्याकडे 'जरी' आलं की 'तरी' यावंच लागतं, हिंदीतही 'भले ही'मागून 'लेकिन' येतं, ती जोडी आहे. इंग्रजीत दोघांपैकी एकच येतो. बिकॉजने सुरू केलेल्या वाक्यात सो घालण्याचंही तेच. जोडी सोडायची एवढं सांगितल्यावर ते पंधरा मिनिटांत सुटलं. हाउएव्हरचं दुखणंही किरकोळच निघालं. हाउएव्हरने दोन पूर्ण वाक्यं मधे नुसता स्वल्पविराम देऊन जोडता येत नाहीत, आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम हवा. यावर आम्ही वेळ घालवला नाही.

वेळ गेला तो 'मात्र'वर. मराठी निबंधात त्याने पाच वाक्यं "मात्र," अशी सुरू केली होती. मात्र, स्वल्पविराम, पुढे वाक्य. वर्तमानपत्रांत हे रोज दिसतं, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही, पण मला ते वाचवत नाही. 'मात्र'ची जागा वाक्याच्या दारात नाही. ज्याचा विरोध दाखवायचा त्याच्या मागोमाग तो येतो. "तिकीट स्वस्त झालं, बस मात्र वाढल्या नाहीत." "तिकीट स्वस्त झालं, वेळेवर मात्र बस आली नाही." दोन्ही वाक्यांत विरोध आहे, पण पहिल्यात बोट संख्येवर आहे, दुसऱ्यात वेळेवर. दारात उभं राहून "मात्र," म्हटलं तर बोट कशावरच राहत नाही, नुसता हात वर होतो. 'च', 'ही', 'तर', 'तरी', 'सुद्धा' हे सगळे असेच, शब्दाला चिकटून काम करणारे. लॅमिनेट केलेल्या कागदावर ते येऊच शकत नाहीत, कारण त्यांना एकट्याने उभं राहताच येत नाही.

त्याचं ते पहिल्या दिवशीचं वाक्य आठवा: "तरी सहाच." दोन शब्द. 'तरी' म्हणजे मी सगळं केलं, त्यामुळे जास्त मिळायला हवे होते, ते मिळाले नाहीत. 'च' म्हणजे सहा हे कमी आहेत. पूर्ण युक्तिवाद, गृहीतकासकट. हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "ते तर मी असंच बोललो."

असंच बोलतानाच माणसं वाद चांगला घालतात, असं माझं मत आहे. म्हणून एका रविवारी रात्री ताईकडे जेवताना मी मुद्दाम विषय काढला आणि भाच्याला ताटाशेजारी वही घेऊन बसवलं. बोलायचं नाही, कोण मुद्दे कशाने जोडतं तेवढं टिपायचं.

भाऊजी म्हणाले, "फुकट दिलं की किंमत राहत नाही."

आमची आई म्हणाली, "असं कसं म्हणता? रेशन फुकट मिळतं, त्याची किंमत नाही का लोकांना?"

"रेशनचं सोडा आई. पोटाचा प्रश्न वेगळा."

"बरं, सोडलं. पण धुणंभांडी करायला दोन बस बदलून येते तिलाही पोटाचाच प्रश्न आहे की."

ताई वाढता वाढता म्हणाली, "किंमत राहो न राहो, बस आधी येऊ तर दे."

"येईल गं. पैसा कुठून आणायचा पण?"

"मेट्रोला आणला ना," आई म्हणाली. "मग बसलाच बरा नसतो!"

वहीत उतरलं ते असं: असं कसं, बरं, पण, की, तर, राहो न राहो, ना, मग, च. तथापि नाही, परिणामी नाही, त्याचप्रमाणे नाही. 'पण' एकदा वाक्याच्या सुरुवातीला आणि एकदा शेवटी, दोन्ही जागी वेगळ्या वजनाने. आणि कुणाचं वाक्य कशाला उत्तर आहे याबद्दल जेवणाऱ्या पाच जणांपैकी एकालाही शंका नव्हती.

मला त्यातलं "बरं, सोडलं" सगळ्यात आवडलं. आईने भाऊजींचा मुद्दा अंशतः मान्य केला, त्यांच्याच शब्दातला 'पोट' उचलला आणि त्यांच्याच अंगणात नेऊन ठेवला. निबंधात विरोधी बाजू मांडतात ती अशीच मांडायची असते. भाच्याच्या निबंधात ती एका ओळीत येऊन गेली होती, हाउएव्हर म्हणून, हजेरी लावल्यासारखी. आईने जे केलं त्याला इंग्रजीत इट इज ट्रू दॅट असं साधं म्हणून पुढे बट आणता येतं. ते त्या कागदावर नव्हतं, कारण तो 'जोडशब्द' नाही, पूर्ण वाक्याची हालचाल आहे.

भाषेचे अभ्यासक हे फार पूर्वी सांगून गेलेत. हॅलिडे आणि रुकैया हसन यांनी १९७६ साली इंग्रजी मजकूर कशाकशाने बांधला जातो याची मांडणी केली, त्यात पाच प्रकार दिले. निर्देश, म्हणजे तो-हा-ते करून मागचं दाखवणं. एका शब्दाच्या जागी दुसरा ठेवणं. कळण्यासारखं आहे ते गाळणं. जोडशब्द. आणि शब्दांचीच पुनरावृत्ती किंवा जवळच्या शब्दांची साखळी. पाचांत जोडशब्द हा एक. आईचं 'पोट' हा पाचवा. क्लासने मुलाला पाचांपैकी एकच शिकवला आणि तोही भरपूर.

मग आम्ही पहिला प्रकार हाताशी घेतला. मागच्या वाक्यात जे झालं त्याला एक नाव द्यायचं आणि पुढचं वाक्य त्या नावाने सुरू करायचं: ही गर्दी, हा खर्च, ही अडचण. इंग्रजीत दिस लावून तसंच. दिसायला सोपं आहे. पण नाव द्यायचं म्हणजे मागे आपण नक्की काय म्हटलंय हे ठरवावं लागतं, आणि तिथेच तो पंधरा-पंधरा मिनिटं पेन चावत बसायचा. मागच्या वाक्याला नाव सापडत नसलं तर बहुधा ते वाक्यच रिकामं असायचं.

दरम्यान त्याचं मतही बदललं. हे मी करवलेलं नाही. उदाहरणं मी दिली होती, कारण "काही देशांनी" हे मला सहन होईना. लक्झेंबर्गने २०२० पासून देशभर सार्वजनिक वाहतुकीचा प्रवास मोफत केला, रेल्वेचा पहिला वर्ग सोडून. एस्टोनियाच्या तालिन शहराने २०१३ पासून नोंदणी असलेल्या रहिवाशांना. कर्नाटकाने ११ जून २०२३ पासून महिलांना साध्या सरकारी बसमध्ये. शेवटचं वाचून तो म्हणाला की इथे मुद्दा गाडी सोडण्याचा नाहीच, जिच्याकडे गाडी नाही तिला बाहेर पडता येण्याचा आहे. आजी जेवताना म्हणाली तेच. तिथून निबंधाचं तोंड फिरलं.

चौथ्या आठवड्यातला त्याचा मधला परिच्छेद मराठीत सांगते, मूळ इंग्रजी त्याचंच:

"तिकीट नसेल तर लोक गाड्या सोडतील हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो, माझ्या शहराचा अनुभव मात्र तसा नाही. २०२५ मध्ये मेट्रो सुरू झाली तेव्हा पहिला आठवडा ती मोफत होती आणि डबे ओसंडत होते. ही गर्दी रोज कामावर जाणाऱ्यांची होती असं म्हणता येत नाही. निदान आम्ही तरी ती बघायला गेलो होतो, आणि तेही स्वतःच्या कारने. ज्याच्याकडे गाडी आहे त्याला तिकिटाचे पैसे अडवत नाहीत, बस कधी येईल याची अनिश्चितता अडवते. ज्याच्याकडे नाही, त्याला पैसेही अडवतात. दोन बस बदलून कामावर जाणाऱ्या बाईचं तिकीट माफ झालं तर तिच्या महिन्याच्या हिशेबात फरक पडतो. हातात पैसा मर्यादित असेल, तर तो सगळ्यांची तिकिटं माफ करण्यात घालवण्यापेक्षा अशा प्रवाशांवर आणि जादा बसवर खर्च व्हावा."

"निदान आम्ही तरी" यावर आमची चर्चा झाली. आधी त्याने "बहुतेक लोक" लिहिलं होतं. मी विचारलं, मोजलेस का? त्याने खोडलं. लहान झालं, पण खोटं राहिलं नाही.

इंग्रजी निबंध पूर्ण झाला तेव्हा २६८ शब्दांचा होता आणि लॅमिनेटवरचे पाच शब्द त्यात होते. एक देअरफोरही होता, शेवटून दुसऱ्या वाक्यात, आणि त्याच्या खाली जमीन होती. मी ठोकून बघितली.

तिसऱ्या परीक्षेत लेखनात साडेसहा आले. विषय अर्थातच वेगळा होता. गुणपत्रिकेवर लेखनाचा एकच आकडा असतो, चार निकषांचे वेगळे गुण कळत नाहीत, तेव्हा हा अर्धा बँड जोडण्यांमुळे वाढला, की ऑल्दो-बट सुटल्यामुळे, की नुसता तिसऱ्यांदा बसल्यामुळे, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. यावरून काहीच सिद्ध होत नाही, असं त्याला सांगितलं तर तो खूश झाला. ताईला ते मुळीच आवडलं नाही. तिने पेढे आधीच आणले होते.

तो आता तिकडे आहे. मागच्या महिन्यात रात्री अकराला त्याचा फोटो आला. पहिल्या असाइनमेंटचं पान, एका हाउएव्हरभोवती प्राध्यापकाने काढलेला गोल आणि बाजूला नुसतं प्रश्नचिन्ह. मी फोन लावला.

"वाक्य वाच आधीचं."

त्याने वाचलं.

"आता नंतरचं."

तेही वाचलं.

"कशाच्या विरुद्ध आहे ते?"

पलीकडे बराच वेळ नुसती पानं उलटल्याचा आवाज येत राहिला. मग तो म्हणाला, "मावशी, तू झोप. मी बघतो."